डेटा पोर्टलवर आहे, मग लोकांना सापडत का नाही?

कोणीतरी तुमच्या पोर्टलवर 'पाऊस' टाईप करतं आणि शून्य रिझल्ट येतात. फाईल तिथेच असते हो, फक्त खात्याने तिचं नाव 'पर्जन्यमान तक्ता 4 सुधारित' असं ठेवलेलं असतं. साधा सर्च अक्षरं जुळवतो, अर्थ त्याला कळत नाही.

आम्ही अशा पोर्टलसाठी नॉलेज ग्राफ, म्हणजे नात्यांचं जाळं, बनवतो. त्यात फाईलभोवतीची नाती लिहून ठेवतो, म्हणजे ही फाईल पर्जन्यमानाची, पर्जन्यमान म्हणजेच पाऊस, ती अमुक जिल्ह्याची, तो जिल्हा अमुक राज्यातला, काळ 2011 ते 2020, काढली अमुक खात्याने. मग राज्याच्या नावाने शोधलं तरी जिल्ह्याची फाईल वर येते, आत राज्याचं नाव कुठेच नसलं तरी.

खरी गंमत जागांच्या बाबतीत आहे. जिल्हे फुटतात, नावं बदलतात, आणि जुनी फाईल जुन्याच नावाने पडून राहते. जुना जिल्हा, नवा जिल्हा आणि बदल कधी झाला हे ग्राफमध्ये जोडलेलं असलं की नव्या नावाने शोधणाऱ्याला जुनी फाईलपण दिसते, आणि तेव्हाची हद्द वेगळी होती हेही तिथेच कळतं, म्हणजे तो दोन्ही आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना करत नाही. आम्हाला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण डेटा न सापडण्यापेक्षा चुकीची तुलना जास्त नुकसान करते.

कॅटलॉगच्या, म्हणजे पोर्टलवरच्या फाईलींच्या यादीच्या, वर्णनासाठी आम्ही डीकॅट (DCAT) वापरतो, हे वेबची स्टँडर्ड्स ठरवणाऱ्या डब्ल्यू थ्री सी (W3C) या संस्थेचं 2014 पासूनचं स्टँडर्ड आहे. 2024 च्या तिसऱ्या आवृत्तीत दरवर्षी येणारा तोच तक्ता एका मालिकेत बांधायची सोय आली, जी खूप आधीच हवी होती. जागांना विकिडेटाचे, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या खुल्या माहितीसाठ्याचे, क्रमांक लावतो, त्यामुळे एकाच नावाची दोन गावं एकमेकांत मिसळत नाहीत. वर्णन डीकॅटमध्ये नीट असलं की गूगलच्या डेटासेट सर्चलाही ते वाचता येतं. तुमच्या मूळ फाईलींना आम्ही हात लावत नाही.

जोडण्या सॉफ्टवेअर सुचवतं, पण पक्क्या माणूसच करतो. विषय जाणणारा तुमचा एक माणूस आठवड्यातून थोडा वेळ आमच्यासोबत बसला पाहिजे, त्याशिवाय हे काम आम्ही घेत नाही.

सुरुवातीला फक्त कॅटलॉगची एक्स्पोर्ट फाईल द्या, आणि गेल्या 6 महिन्यांत ज्या शब्दांना शून्य रिझल्ट आले त्यांची यादी. आम्ही आधी ती यादीच उघडतो.