कडा सुटल्यावरची उडी

समोर काही दिसल्यापासून बोटानं बटण दाबेपर्यंत माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. ‘सुपर मीट बॉय’ (२०१०) किंवा ‘सेलेस्ट’ (२०१८) या व्हिडिओ गेममध्ये काट्यांमधून उडी साधायला बऱ्याचदा तेवढाही वेळ नसतो. बघून उडी मारू म्हटलं तर उशीर झालेलाच असतो. म्हणून खेळणारा अंदाजानं उडतो, आणि तो अंदाज पक्का करण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो.

लहान मेंदू चुकांतून शिकतो. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, यातली तफावत हेरून पुढच्या हालचालीत तो बारीक दुरुस्ती करतो. मात्र चूक लगेच कळली पाहिजे, आणि कशानं झाली तेही. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये सगळे जीव संपले की पुन्हा पहिल्यापासून. ‘सेलेस्ट’मध्ये मेलात की क्षणात त्याच खोलीच्या तोंडाशी उभे! बोटांना मघाची उडी आठवतेय तोवर पुढचा प्रयत्न सुरू.

सांगलीला विश्रामबागेत भाच्याशेजारी बसून मी हे बघत होतो. एक अवघड उडी जमली आणि तो ओरडला, “मामा, बघितलंस? पार कडंला होता पाय!” खरं तर पाय कडा सोडून हवेत गेला होता. गेमनं त्याला सांभाळून घेतलं होतं. कडा सुटल्यावरही सुमारे ०.१ सेकंदापर्यंत ‘सेलेस्ट’ उडी मान्य करतो. गेम बनवणारे याला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. जमिनीला टेकायच्या जरा आधी दाबलेलं बटणही तो ध्यानात ठेवतो. छताच्या कोपऱ्याला डोकं निसटतं लागलं तर पात्राला हळूच बाजूला सरकवतो. ही माया मला फार मोलाची वाटते. गेम काटेकोर हिशोबानं चालला असता तर “मी दाबलं होतं, यानं घेतलंच नाही” म्हणून पोरानं तो कधीच बंद केला असता. आता मेला तरी तो म्हणतो, “माझंच चुकलं, थांब.” चूक आपली म्हटली की ती सुधारणंही आपल्याच हातात येतं. या गेमची खरी ओढ मला तिथं दिसते.

जमल्यावरच्या आनंदाचा धागा मेंदूतल्या डोपामिन या रसायनाशी जुळतो. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की हमखास मिळणाऱ्या बक्षिसाला डोपामिनच्या पेशी फारसा प्रतिसाद देत नाहीत; अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की मात्र त्या जोरात चेततात. पुन्हा पुन्हा पडलेल्या पोराला उडी जमेल याची खात्री नसते, म्हणून जमलेली उडी एवढी गोड लागते, असं मला वाटतं.

“सारखं मरतोयस त्यात, झोप आता,” असं बहीण आतून म्हणाली. विज्ञान इथं तिच्या बाजूनं आहे. बोटांच्या हालचालींचा सराव करून झोपलेल्या माणसांचा हात उठल्यावर जास्त सफाईनं चालतो, असं प्रयोगांत आढळलंय. अडलेली खोली सकाळी परत खेळून बघ, एवढंच मी त्याला सांगितलं.