‘डिझेल सोडलं की बाकी नफाच’ – हे खरं नाही

परभणी-जालन्याकडं भाड्यानं नांगरटी करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांचा हा जुना हिशेब. सेवेच्या धंद्यात माल भरावा लागत नाही, म्हणून खर्च फक्त डिझेलचा, असा समज.

प्रश्न एकच विचारा: एक एकर जास्त नांगरला तर कोणता खर्च वाढतो? डिझेल वाढतंच, काळ्या मातीत, पलटी नांगर खोल घातला तर जरा जास्तच. एकरावर ठरलेला ड्रायव्हर असेल तर त्याचे पैसेही. फाळ झिजतो, टायर झिजतो, तासांवर ऑइल-फिल्टर बदलावं लागतं. हे रोज खिशातून जात नाही, म्हणून वहीत येत नाही. शेतापर्यंतची रिकामी फेरीही धरा. तुकड्या-तुकड्यांच्या रानात तीच जास्त खाते.

समजा, एकरी दर 2000. डिझेल 600, ड्रायव्हर 200, झीज-ऑइल 150, फेरी 100. एकूण 1050, उरले 950.

हाही नफा नव्हे. हप्ता, विमा एकरावर अवलंबून नाहीत. ट्रॅक्टर दारात उभा असला तरी ते चालूच. महिन्याला ते 38,000 असतील, तर 40 एकर नुसते त्यातच जातात. पावसाळ्यात नांगर उभा, तेव्हा हिशेब वर्षाचाच धरावा.