गेंड्याचं शिंग पुन्हा उगवतं, पण...

बेंदराच्या आदल्या दिवशी आटपाडीला मामांच्या गोठ्यात खिलारांची शिंगं तासायचं काम चाललं होतं. मामा म्हणाले, "गेंड्याचं शिंग कापलं तरी परत येतं म्हणं. मग पाळावंत की गेंडे! चोरटी शिकार आपोआप थांबंल." यातला पहिला भाग अगदी खरा आहे.

बैलाचं शिंग वरवर तासता येतं, बुडातून कापलं की रक्त येतं. कारण आत कवटीचंच हाड असतं, आणि वाढलेल्या जनावरात ते पोकळ होऊन कपाळातल्या पोकळीला जोडलेलं असतं. शिंगाचा कर्करोग सुरू होतो तो याच पोकळीच्या अस्तरातून. गेंड्याच्या शिंगात हाडच नाही. नाकाच्या हाडावर एक खडबडीत जागा, तिच्यावर जाड कातडी आणि त्या कातडीवर असंख्य बारीक उंचवटे. प्रत्येक उंचवट्यावर पेशी जन्मतात, केराटिन नावाच्या चिवट प्रथिनानं भरतात, मरतात आणि खालून येणाऱ्या नव्या पेशी त्यांना वर ढकलतात. अशी एकेक नळी उभी राहते, आणि मधल्या जागेतलं केराटिन या नळ्या सांधतं. याला 'दाबून घट्ट झालेले केस' म्हणतात ते चूक आहे. केसाचं मूळ कातडीतल्या खळग्यात असतं, इथे खळगाच नाही. घोड्याचा खूर याचा जवळचा नातेवाईक. शिंगाच्या गाभ्यात कॅल्शियम आणि मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य साठतं. एकानं गाभा कठीण होतो, दुसऱ्यानं उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचतो. कडेचा भाग मात्र उन्हानं कमकुवत होऊन झिजत जातो, म्हणून टोक पेन्सिलीसारखं निघतं. किती सुंदर रचना आहे ही!

भूल देऊन, बुडाशी थोडा भाग राखून करवत चालवली तर जनावराला इजा होत नाही. दीड-दोन वर्षांत पुन्हा कापण्याइतकं शिंग येतं. आणि याच केराटिनची पूड ताप उतरवते, कर्करोग बरा करते म्हणून विकली जाते. आपली नखंही केराटिनचीच. ती खाऊन कुणाचा ताप उतरलेला नाही.

दक्षिण आफ्रिकेत जॉन ह्यूम यांनी मामांची कल्पना खरोखर राबवली. सुमारे २,००० पांढरे गेंडे त्यांनी वाढवले. पण शिंगांचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९७७ पासून बंद, आणि गिऱ्हाईक व्हिएतनाम-चीनमध्ये. राखणीचा खर्च मात्र रोजचा. २०२३ मध्ये त्यांनी सगळा कळप लिलावात काढला, एकही बोली आली नाही.

मग व्यापार खुला करावा? मला ते पटत नाही. पांढऱ्या गेंड्याची मादी सोळा महिने गाभण असते, पुढचं पिल्लू दोन-तीन वर्षांनी. चोराला खर्च एका गोळीचा, आणि तो बुडासकट सगळं शिंग खणून नेतो. पाळीव काय, चोरीचं काय, पूड झाल्यावर डोळ्यांना सारखीच. डीएनए तपासल्याशिवाय फरक कळत नाही. चोरीच्या चंदनाचं तेल निघाल्यावर झाड कुणाच्या बांधावरचं होतं, हे कोण ओळखणार? शिवाय उघड विक्री सुरू झाली की 'यात औषधी गुण असणारच' हा समज आणखी पक्का होतो.

शिंग कापण्याचा उपयोग दुसरीकडे दिसला. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातल्या अभयारण्यांचा २०१७ ते २०२३ चा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे शिंगं काढल्यावर शिकार सुमारे ७८ टक्क्यांनी घटली. ती शिंगं विकण्यासाठी कापलेली नव्हती. चोराला नेण्याजोगं काही उरू नये एवढाच हेतू होता. तरी उरलेल्या खुंटासाठीसुद्धा काही गेंडे मारले गेलेच.

ह्यूम यांचा कळप २०२३ मध्येच 'आफ्रिकन पार्क्स' या संस्थेनं घेतला. ते गेंडे आता टप्प्याटप्प्यानं जंगलात सोडले जात आहेत.