प्लग बसला म्हणजे जोडणी जुळली असे नाही

‘नऊ पिनांची जॉयस्टिक खोबणीत बसली, की ती कोणत्याही जुन्या घरगुती संगणकावर चालते,’ हा समज बरीच वर्षे फिरतो आहे. प्लग खरोखरच बसतो, म्हणून तो पटतोही. मात्र आकार सारखा असला तरी आतली जोडणी वेगळी असू शकते. अटारी या गेम कंपनीच्या पद्धतीत, जी १९८२ च्या कमोडोर ६४ या संगणकातही आहे, १ ते ४ या पिना दिशांच्या, ६ फायर बटणाची, ७ वर ५ व्होल्ट आणि ८ वर ग्राउंड असते. एमएसएक्स या प्रकारच्या संगणकांत ५ व्होल्ट पाचव्या पिनवर आणि ग्राउंड नवव्यावर येते, तर स्पेक्ट्रम प्लस टू या संगणकात ग्राउंड चक्क दुसऱ्या पिनवर आहे. सेगा मेगा ड्राइव्ह या गेम कन्सोलचा पॅड अधिक फसवा, कारण त्यातल्या चिपला वीज पाचव्या पिनवर हवी असते आणि कमोडोर ती तिथे देत नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुनी साधी जॉयस्टिक आणली, तर संगणकाला लावण्यापूर्वी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोके जोडलेली असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवावा. प्लगच्या भोकांत मीटरची टोके शिरत नाहीत, म्हणून ८ आणि १ क्रमांकाच्या भोकांत टाचण्या खोचाव्यात (क्रमांक भोकांशेजारी बारीक कोरलेले असतात) आणि टोके त्यांना लावावीत. दांडी वर ढकलताच बीप आला आणि सोडताच थांबला, तर जोडणी बहुधा अटारीची आहे. उरलेल्या दिशा व फायर याच रीतीने पाहाव्यात.