रुपयाची किंमत कुठे मोजावी?

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या एखाद्या जुन्या मराठी घरात लक्ष्मीपूजनाच्या ताटात बाबाशाही रुपया दिसतो. गायकवाडांच्या टांकसाळीत पाडलेले हे नाणे विसाव्या शतकाच्या आरंभी व्यवहारातून गेले आणि त्याची जागा ब्रिटिश रुपयाने घेतली. नाण्याच्या अंगात जितकी चांदी तितके त्याचे मोल, ही जुनी समजूत ब्रिटिश रुपयाला तोवर लागू राहिली नव्हती. त्याने सामान्य माणसाचे काय झाले, याचा कसोशीने शोध घेणारे अर्थशास्त्रज्ञ बडोदे संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर शिकले होते. डॉ. भीमराव आंबेडकरांचे चलनविषयक लेखन आपण त्यांच्या इतर लेखनाच्या मानाने फारच थोडे वाचतो.

सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून, करारानुसार, ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना जातीमुळे बाहेर काढण्यात आले आणि ते कमाटी बागेत जाऊन बसले. बडोदेकराने त्यांच्याविषयी लिहावे आणि हे वगळावे, हे मला योग्य वाटत नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधासाठी त्यांना १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली आणि त्याच वर्षी तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

प्रश्न असा होता. रुपयाचे वजन १८० ग्रेन (ग्रेन हे वजनाचे जुने ब्रिटिश माप) आणि त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असल्यामुळे रुपयाचे मोल चांदीच्या भावाशी बांधलेले होते. १८७० नंतर युरोपातले देश सोन्याकडे वळले, चांदी स्वस्त झाली आणि सुमारे दोन शिलिंगांचा (शिलिंग म्हणजे ब्रिटिश पौंडाचा विसावा भाग) रुपया १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला. त्यावर सरकारने १८९३ मध्ये टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या आणि पुढे एक शिलिंग चार पेन्स (बारा पेन्सचा एक शिलिंग) हा दर ठरवून, लंडनमध्ये सोन्याची गंगाजळी ठेवून, तो टिकवला. चांदीचा हा रुपया आता नोटेसारखा झाला. त्याचे मोल धातूवर नव्हे, तर सरकार किती रुपये पाडते यावर अवलंबून राहू लागले.

देशात चांदीचा रुपया आणि बाहेर सोन्याशी बांधलेला दर, या व्यवस्थेला सुवर्ण-विनिमय पद्धती म्हणत. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात तिचे समर्थन केले होते. आंबेडकरांनी ते सविस्तर खोडून काढले. त्यांचा मुख्य मुद्दा मला आजही अतिशय मोलाचा वाटतो: पौंडाशी असलेला दर स्थिर राहिला म्हणजे रुपया स्थिर झाला असे होत नाही. रुपयाला धान्य किती मिळते, हे त्याचे खरे मोल. सगळीकडेच भाव एकदम चढले तर विनिमय दर जागचा हलणार नाही, पण ठरीव पगारावर जगणाऱ्या कारकुनाच्या घरातले ज्वारीचे पोते मात्र महिनाअखेरीच्या आधीच रिकामे होईल. रुपया घसरल्याने निर्यातदारांना जो लाभ झाला, तोही मजुरी भाववाढीच्या मागे राहिल्यामुळे मजुरांच्या पदरातून आला, असे त्यांनी दाखवले.

दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. रुपयातल्या चांदीची किंमत दर्शनी किमतीहून कमी असल्याने प्रत्येक नाण्यामागे सरकारला नफा होई आणि तोच गंगाजळीत जमा होई. म्हणजे जितके रुपये जास्त पाडावेत तितकी गंगाजळी मोठी. जादा रुपये परत घेऊन जिने चलनाला लगाम घालायचा, ती गंगाजळीच जादा चलनावर पोसली जात होती! ग्रंथाचे प्रास्ताविक लिहिणारे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक एडविन कॅनन यांना लेखकाची सगळी टीका मान्य नव्हती. तरीही सुवर्णमान, म्हणजे थेट सोन्यावर आधारलेले चलन, समजणारे कारभारी थोडे असले, तरी सुवर्ण-विनिमय पद्धती समजणाऱ्यांच्या दहा-वीस पट तरी असतील, असे त्यांनी लिहिले.

भारतीय चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे डिसेंबर १९२५ मध्ये साक्ष देताना आंबेडकरांनी उपाय स्पष्ट मांडला. रुपये पाडणे लोकांप्रमाणेच सरकारलाही पूर्ण बंद करावे, सोन्याच्या नाण्यासाठी टांकसाळ उघडावी, दोन्ही नाण्यांचे प्रमाण कायद्याने ठरवावे. मात्र एकाच्या बदल्यात दुसरे देण्याची हमी सरकारने देऊ नये. आयोगाने हे स्वीकारले नाही. त्याने एक शिलिंग सहा पेन्सचा दर आणि मध्यवर्ती बँक सुचवली, आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. ही बँक आंबेडकरांच्या ग्रंथातल्या आराखड्यावर उभारली गेली, असे आदराने सांगितले जाते. परंतु त्यांच्या योजनेत चलन कमीजास्त करण्याचा अधिकार कोणाच्याच हाती द्यायचा नव्हता, आणि मध्यवर्ती बँकेचे मुख्य काम तर तेच असते.