एका कॉलमात अनेक मूल्ये

डेटाबेसच्या टेबलमध्ये एकाच कॉलमात स्वल्पविराम देऊन अनेक मूल्ये साठवण्याची पद्धत. नोंद करताना ती सोयीची वाटते; शोधताना, मोजताना आणि दुरुस्ती करताना महागात पडते. संगणकशास्त्रज्ञ इ. एफ. कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमध्ये, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याच्या पद्धतीत, प्रत्येक घरात एकच, अविभाज्य मूल्य अपेक्षित आहे. या नियमाला पुढे फर्स्ट नॉर्मल फॉर्म म्हटले जाऊ लागले.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतला चादरी-टॉवेलचा एखादा यंत्रमाग कारखाना घेऊ. एक कामगार अनेक माग चालवतो आणि पाळी बदलली की तेच माग दुसऱ्याच्या हाती जातात. कामगाराच्या नोंदीत ‘माग’ या कॉलमात ‘2,12,21’ असे लिहिले आणि माग 1 वर कोण आहे हे ‘%1%’ असे शोधले (% म्हणजे त्या जागी कोणतीही अक्षरे चालतात), तर माग 1 न चालवणारा हा कामगारही यादीत येतो. यादीच्या आणि शोधायच्या क्रमांकाच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम जोडून ‘%,1,%’ असे शोधले की ही चूक टळते. पण कुणी मध्ये एक स्पेस सोडली की 12 सापडेनासा होतो. शिवाय सुरुवातीलाच % असलेल्या शोधाला साध्या इंडेक्सचा, म्हणजे मूल्य झटकन सापडावे म्हणून ठेवलेल्या सूचीचा, उपयोग नाही, सगळे टेबल वाचावे लागते.

याहून गंभीर म्हणजे फॉरेन की, म्हणजे इथला क्रमांक मागांच्या टेबलमध्ये असलाच पाहिजे हे बंधन, लावता येत नाही. माग 12 भंगारात गेला तरी कामगाराच्या नावापुढे तो राहतोच. दोन कारकुनांनी एकाच वेळी तीच नोंद उघडून आपापला बदल साठवला, तर एकाचा बदल बेमालूम पुसला जातो. आणि खरी अडचण मजुरीच्या वेळी येते. मजुरी नगावर ठरते. कोणता माग, कोणत्या पाळीत, कधीपासून, हे लिहायला ‘2,12,21’ मध्ये जागाच नाही. ही माहिती ना कामगाराची, ना मागाची. ती त्या दोघांच्या जोडीची आहे.

म्हणून कामगार आणि माग यांच्या टेबलांशिवाय तिसरे टेबल करावे: कामगार क्रमांक, माग क्रमांक, पाळी, कधीपासून. प्रत्येक जोडीला स्वतंत्र ओळ. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमधील अ‍ॅरे किंवा जेसनबी (एका घरात अनेक मूल्ये ठेवणारे डेटा प्रकार) वापरून शोध वेगवान करता येतो, पण त्यांतल्या एकेका मूल्यावर फॉरेन की बसत नाही. सुटी मूल्ये कधीच शोधायची नसतील, तरच एकत्र साठवण चालते.

जुना डेटा फोडताना मागांच्या टेबलशी न जुळणारे क्रमांक हमखास निघतात. ते परस्पर पुसू नयेत. बाजूला काढून हजेरीपुस्तकाशी ताडून पाहावेत.