‘पुट ऑफ’ आलं कुठून?

ऐरोली-महापेच्या कॉल सेंटरांत नव्याने लागणाऱ्या मराठी मुलामुलींना ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’ हे शब्द शाळेपासून येत असतात. समोरचा ग्राहक मात्र त्याच अर्थाने ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’ म्हणतो आणि तिथे अडतं. ठाणे स्टेशनजवळच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासांत ‘पुट’ची लांबलचक यादी पाठ करून घेतात. क्रियापदाला ‘ऑफ’, ‘अप’सारखा छोटा शब्द जोडणाऱ्या या रचनेचा (‘फ्रेझल व्हर्ब’चा) इतिहास पाहिला, तर यादी दुसऱ्या टोकाने करायला हवी असं दिसतं.

जुन्या इंग्रजीत असे बरेच शब्दांश क्रियापदाच्या आधी लागत. ‘हृ’ धातूला उपसर्ग लावून प्रहार, आहार, संहार होतात, तसंच ते होतं. ‘फर्गिव्ह’, ‘विथस्टँड’ हे त्यातलेच उरलेले शब्द. (‘विथ’चा जुना अर्थ ‘विरुद्ध’, म्हणून ‘विथस्टँड’ म्हणजे विरोधात टिकणं.) क्रियापदांच्या या उपसर्गांवर आघात नसे, त्यामुळे ते झिजत गेले. 9व्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला वसलेल्या नॉर्स (स्कँडिनेव्हियातून आलेल्या) लोकांच्या भाषेत असे शब्द क्रियापदामागून येत. त्या सहवासाने इंग्रजीतही हीच पद्धत बळावली. ‘टेक’ आणि ‘गेट’ ही क्रियापदंही नॉर्समधूनच आली. 12व्या शतकातल्या पीटरबरो बखरीत ‘गिव्ह अप’चं जुनं रूप सापडतं.

1066मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा ओघ सुरू झाला. ते शब्द कचेरीत आणि ग्रंथांत बसले, ‘पुट ऑफ’ घरात राहिलं. आपल्याकडे इंग्रजी आली ती पाठ्यपुस्तकातून आणि सरकारी कागदातून, म्हणून ‘पोस्टपोन’ जवळचं वाटतं. सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत परकीयांना सर्वांत जड जाणारी रचना म्हणून हिचाच उल्लेख केला. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव रुळलं ते त्यानंतर बऱ्याच काळाने, 1925मध्ये लेखक लोगन पिअर्सल स्मिथ यांनी वापरल्यावर. पुढे 1930मध्ये भाषाभ्यासक सी. के. ऑग्डन यांनी 850 शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ ही सोपी केलेली इंग्रजी मांडली. तीत क्रियापदं अवघी 18 होती, बाकीचा भार ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’सारख्या शब्दांवर.

म्हणून यादी या शब्दांनुसार करावी. ‘अप’ अनेकदा काम पुरतं संपल्याचं सांगतो: ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणं, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणं. हे काम मराठीत ‘टाकणे’ करतं, त्यामुळे अर्थ चटकन बसतो. ‘हँग अप’मधला ‘अप’ मात्र खरोखर वरचा आहे: भिंतीवरच्या जुन्या फोनचा रिसीव्हर आकड्याला टांगला की फोन बंद होई.

सर्वाधिक चुका सर्वनामाच्या जागेत होतात. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही चालतं, पण सर्वनाम मध्येच हवं: ‘पुट इट ऑफ’. ‘लुक आफ्टर इट’मध्ये ते शेवटी येतं, कारण तिथे ‘आफ्टर’चं नातं पुढच्या नामाशी आहे. बहुतेक वेळा कान हा फरक सांगतो: ‘पुट इट ऑफ’ म्हणताना जोर ‘ऑफ’वर पडतो, ‘लुक आफ्टर इट’ म्हणताना ‘लुक’वर. ‘कोप अप विथ’ ही आपल्याकडची नेहमीची चूक ‘कीप अप विथ’च्या सरमिसळीतून होते. ‘कोप’ला ‘अप’ लागत नाही, ‘कोप विथ’ एवढंच पुरतं.